दोन मुलखांतले हिरवे चौकोन

बिल्किसचं काम तसं साधं होतं. आभाळातून टिपलेली जमिनीची चित्रं पडद्यावर यायची आणि एकेका तुकड्यावर तिनं शिक्का मारायचा: शेती, पडीक, जंगल, बांधकाम, नाहीतर इतर. तीस वर्षांत भारतात आणि जपानमध्ये कसायची जमीन किती उरली, हे कुणा परदेशी संस्थेला हवं होतं. शहरातल्या सिडको भागातल्या एका लहानशा कंपनीनं ते काम घेतलं होतं. चित्रांवर गावांची नावं नसायची, नुसते आकडे.

शेती दोन्हीकडं आटत होती, पण रीत वेगळी. इकडं यंदा हिरवं दिसलेलं रान पुढच्या साली पत्र्याखाली जाई. तिकडं डोंगरातल्या एका गावात कुणी काही बांधलंच नव्हतं. माणसंच उरली नव्हती, आणि झाडं हळूहळू शेतांत उतरत होती. एका घरामागचं शेत मात्र तगून होतं. आक्रसत आक्रसत ते खोलीएवढं झालं आणि मग तेवढंच राहिलं. अकरा वर्षं. घराचं छप्पर खचलं, तरी तो तुकडा साफ. कुणी एकटी म्हातारी असेल, असं बिल्किसला वाटे. जेवायला बसली तरी ती म्हातारी तिच्या डोळ्यांपुढं वाकून खुरपत असायची.

एका दुपारी ती घरूनच काम करत होती. तिचे अब्बा, रहीमभाई, मागं येऊन उभे राहिले. ते रिक्षा चालवायचे. सगळं शहर पालथं घालायचे, पण वाळूजच्या कारखान्यांकडचं भाडं आलं की नुसती मान हलवून नाही म्हणायचे.

"ये तो अपना शिवार है," ते म्हणाले. त्यांचं बोट पडद्यावर टेकलं. "हा तलाव. ही आपली चार एकर."

चार एकरांवर कारखान्याचा करडा पत्रा होता. त्याला लागून एक हिरवा चौकोन होता. वीस वर्षं तो तसाच होता आणि बिल्किसनं वीसही वर्षांच्या चित्रांत त्यावर शेतीचाच शिक्का मारला होता.

"हे अजून कोण कसतंय, अब्बा?"

अब्बांनी बोट मागं घेतलं. शुक्रवारी नमाज झाल्यावर त्यांनी रिक्षा काढली. "चल," म्हणाले.

कारखान्याच्या कुंपणाला चिकटून दगडी भिंत होती. आत कडुलिंबाची झाडं, नीट कापलेलं गवत आणि कबरी. हिरवा चौकोन तो हाच, हे कळून बिल्किस दारातच थबकली. अब्बा एकटेच आत गेले आणि आपल्या वडिलांच्या कबरीपाशी उभं राहून फातेहा पढू लागले.

कारखान्याच्या फाटकावरचा म्हातारा पहारेकरी उठून आला. "रहीमची पोरगी का तू? मी बद्रीनाथ. आमचं रान तुमच्या बांधाला लागून व्हतं."

"इथलं गवत कोण कापतं, काका?"

"मीच. दुसरं कोन हाय आता?"

अब्बा बाहेर आले आणि मध्येच थांबले. त्यांनी मान कारखान्याकडं वळवली. "बद्री, ऐकू येतंय का?"

"रोजच येतं," बद्रीनाथ म्हणाला. "पत्रा वाजतो म्हनत्यात लोक. पन वारा नसला तरी वाजतं."

बिल्किसनं कान दिला. लिंबाचं पान हलत नव्हतं. तरी कुठूनतरी सळसळ येत होती. दाट आणि कोरडी, पिकल्या रानासारखी.

"बाजरी हाय ती," अब्बा म्हणाले. "जमीन गेली तवा कनसं भरली व्हती, बेटा. आठ दिवस द्या म्हनलं, काढून घेतो. नाय दिले. उभ्या पिकात मशीन घातली. मी बांधावर उभा राहून बघत व्हतो."

एवढं बोलणं त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी कचेरीत तिनं तो चौकोन उघडला आणि वीस वर्षांची शेती खोडून तिथं 'इतर' केलं. मग डोंगरातलं ते गाव उघडलं आणि खोलीएवढा तुकडा जमेल तेवढा मोठा केला. नव्या चित्रात गवतावर बारीक सावल्या होत्या. एका ओळीत उभ्या दगडांच्या. खुरपणारी म्हातारी तिथं नव्हती. किंवा होती, पण दगडाखाली. कुणीतरी लांबून येऊन गवत तेवढं काढून जात असणार. अकरा वर्षांचे शिक्के तिनं एकेक करून बदलले.

तिचे साहेब, आकाश सर, मागून पाहत होते. "एवढ्याशा दोन तुकड्यांनी काय फरक पडणार आहे? लाखो हेक्टरचा हिशोब आहे."

"शेती नाही ती, सर."

ते गेले. दुपारी लाइट गेली, पंखे थांबले, सगळे जेवायला बाहेर पडले. पडदा काळा झाला. बंद खिडकीच्या त्या खोलीत सळसळ सुरू झाली. आधी लांबून, मग अगदी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी. बिल्किस घाबरली, पण उठली नाही. हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली, कुणी उठवेपर्यंत उभ्या पिकात बसावं तशी.

त्या आठवड्यापासून अब्बा वाळूजचं भाडं घ्यायला लागले. रिक्षात सीटखाली विळा असतो, पात्याला ओलं गवत चिकटलेला.