मर्लने भरलेली शेवटची काडतुसं

डेल हॅगस्ट्रम सकाळीच कॅस्पर शहरातून निघाला आणि तडक आईच्या गॅरेजात येऊन उभा राहिला. वडील, मर्ल, हिवाळ्यात गेले होते. एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम शनिवारी उघडणार होता आणि यंदापासून आपली काडतुसं आपणच भरायची असं डेलने मनावर घेतलं होतं. त्यातलं त्याला कळत काय होतं, तर दुकानात जे चकाकेल ते उचलून गाडीत टाकायचं, इतकंच. त्याने आणलेलं खोकं पाहून आईने, लाव्हॉनने, चष्मा कपाळावर चढवला.

"हे रे काय विजेवरचं?"

"बंदुकीची दारू मोजतं आई. बटण दाबलं की झालं."

"तुझं बटण दाबलं की झालं असतं तर तुझ्या बाबांनी आयुष्य इथे कशाला काढलं असतं? हे परत देऊन ये. आधी साध्या काट्यावर शीक. दर वेळी ठरलेलं वजन ठेवून काटा खरा बोलतोय ना ते बघायचं आणि मगच दारू मोजायची."

तिने काडतुसं दाबून भरायच्या प्रेसचा दांडा खालीवर करून दाखवला. प्रेस जुना, पण लोखंड कसं घट्ट होतं. तो न्यायला हरकत नव्हती. साचेही ने म्हणाली, पण तुझ्याच रायफलच्या मापाचे, दुसऱ्या मापाचे उगाच ओढून नेऊ नकोस. कुठल्या गोळीमागे किती दारू ते सांगणारं पुस्तक मात्र नवंकोरं घ्यायचं, आणि त्यातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करायची.

"एका माणसाने इंटरनेटवर लिहिलंय..."

"त्या माणसाची बोटं मोजून आलायस का?"

डेल हसला. ती हसली नाही. तिने काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा डबा पुढे ओढला आणि बुडाशी बारीक चमकती रेघ असलेल्या पुंगळ्या वेचून बाजूला काढायला लागली. त्या पुढच्या बाराला फाटतात. मग फळीवरची चिठ्ठी नसलेली दारूची बरणी त्याच्या हातात दिली आणि ती अंगणात गुलाबांना घालून ये म्हणाली. कुठली दारू आहे ते ज्याला ठाऊक होतं तो गेला, आता ती फक्त गुलाबांच्या कामाची.

खरं तर ती वेळ काढत होती. वरच्या फळीवर लाल प्लास्टिकची पेटी होती, तिच्यात मर्लने शेवटची भरलेली काडतुसं होती, आणि पोराचा हात आज ना उद्या तिकडे जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो गेलाच.

"ही मी शनिवारी नेणार," डेल पेटी उतरवत म्हणाला. "पहिला एल्क बाबांच्या हातच्या गोळीने."

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं."

"बाबा काय दुसरे होते? लहानपणापासून त्यांचीच उडवतोय मी."

"ठेव ती."

"का पण?"

 डेलला कळू देऊ नकोस, असा शब्द मर्लने तिच्याकडून घेतला होता, आणि त्या माणसाने जन्मात तिच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. पण दुप्पट दारू पडलेलं एखादं काडतूस पोराच्या गालाशी फुटलं तर तो शब्द काय चाटायचा होता?

"तुझ्या बाबांना शेवटी शेवटी आठवत नव्हतं," ती म्हणाली. "पोस्टातून घरी यायचा रस्ता विसरले. मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाका मारायचे. आणि तसेच रोज इथे येऊन काडतुसं भरत बसायचे. मी दाराबाहेर उभी राहायची, पण बस्स करा म्हणायची हिंमत झाली नाही."

डेलचा चेहरा उतरला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"शब्द दिला होता रे."

 मग त्याने पेटी उघडली. गोळ्यांची टोकं वर करून काडतुसं ओळीने बसवली होती, पितळ लख्ख पुसलेलं. त्याने एक उचललं, उलटं केलं आणि उजेडाकडे धरलं. दुसरं उचललं. मग सगळी पेटीच टेबलावर पालथी केली.

"आई, बुडाला टोपीच नाही."

"म्हणजे?"

"नुसतं भोक आहे. ठिणगी पाडणारी टोपी एकातही नाही." त्याने एक कानाशी हलवलं. "आत दारूही नाही. पुंगळी आणि वर गोळी, बस्स. यातलं एकही उडणार नाही."

लाव्हॉनने एक हातात घेतलं. गोळी नेमकी, सरळ बसवलेली होती. हे विसराळूपणाने झालेलं नव्हतं. आपला भरवसा राहिला नाही हे मर्लला तिच्याही आधी कळलं होतं. त्याने धोक्याचं तेवढं बाजूला ठेवलं होतं आणि तरी रोज येऊन दांडा ओढत बसला होता, बाहेर उभ्या असलेल्या बायकोला सगळं पूर्वीसारखं ऐकू यावं म्हणून. ती बाहेर घाबरलेली, तो आत घाबरलेला, मध्ये एक दार.

तिला रडू येईल असं डेलला वाटलं. तिला राग आला. तिने ते काडतूस टेबलावर आपटलं.

"अरे माणसा," ती मर्लच्या रिकाम्या स्टुलाला म्हणाली, "मी आत येऊन बसले असते ना!"