बिचाऱ्याची घड्याळं

गावात खून झाला की लोक आधी पोलिसांकडे नाही, भोचकभवानीकडे जायचे. हे नाव तिला तिच्या मावशीनं दिलेलं आणि गावानं ते आनंदानं उचललं. मागचे तीन खून या पोरीनं उकलले. त्याचं बक्षीस काय, तर आता तिला कुणी जेवायलाही बोलवत नाही. ही टेबलाशी बसली की कुणीतरी मरतंच म्हणे!

चौथ्या खुनापर्यंत तिला या सगळ्याचा अगदी वीट आला होता. सकाळी पोस्टमनला घड्याळवाला आपल्या दुकानाच्या मागच्या जिन्याखाली मरून पडलेला दिसला. जमादारांनी नेहमीसारखा हाताशी लागला तो माणूस धरला, मयताचा धाकटा भाऊ. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, एवढाच काय तो पुरावा. भावाची बायको पोटुशी. ती भोचकभवानीच्या मावशीच्या बेकरीत येऊन रडली, "तूच सोडव गं त्यांना."

"बघते," म्हणून भोचकभवानी पिठाच्या पोत्यावर बसून राहिली. बघायचं काय, कपाळ? उत्तर सकाळपासून तिच्या घशात अडकलं होतं.

मावशीची बेकरी आणि घड्याळवाल्याचं दुकान, मधे एकच भिंत. पलीकडे भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ आपापली. एकाचे ठोके संपले की दुसऱ्याचे सुरू. आता मावशीच्या तोंडी जिवंत माणसाला 'मेला'शिवाय दुसरा शब्दच नाही. दूधवाला मेला, जमादार मेला, भाची मेली. खरोखर मेलेल्याला मात्र ती चुकूनही तसं म्हणत नाही, तो बिचारा होतो. ठोके पडले की ती रोज करवादायची, "मेल्याची घड्याळं!" आज पोस्टमन बोंबलत यायच्या आधीच, पाव काढता काढता ती म्हणाली होती, "बिचाऱ्याची घड्याळं."

"मावशी," भाचीनं विचारलं, "तो बिचारा कधी झाला गं?"

मावशीचे मळणारे हात थांबले. ती चिडली नाही. तीही दमली होती.

"वीस वर्षं धड डोळा लागला नाही," ती म्हणाली. "रात्रीचे ठोके तेवढे बंद ठेव, म्हणून सांगायला गेले काल. हसला माझ्या तोंडावर. ढकललं मी. मरेल असं कुठं वाटलं होतं."

आई गेल्यावर हिनंच तिला वाढवलेलं. गप्प बसावं तर तिकडे निरपराध माणूस सडणार. बोलावं तर कुठल्या तोंडानं? भोचकभवानीला रडू फुटलं. शेवटी मावशीनंच एप्रन काढून खुंटीला लावला.

"चल. त्या पोरीचा नवरा सुटू दे."

चौकीत जबाब झाला, भाऊ सुटला. कोठडीच्या दाराशी भाची हात सोडेना.

"जा बाळ तू," मावशी हळूच म्हणाली.

बाळ? मावशीनं आजवर तिला कधी असं गोड बोलावलं नव्हतं. मावशीच्या लेखी आपण मेलो, असंच तिला वाटलं. ती कशीबशी पायऱ्या उतरू लागली.

"आणि ऐक गं मेले," आतून आवाज आला, "भट्टी विझवायची राहिलीय."

भोचकभवानीनं नाक पुसलं आणि ती बेकरीकडे पळत सुटली.