पायाळूचा पाय

मी पायाळू. आईच्या पोटातनं डोक्याच्या आदी माझं पाय बाहीर आलं. म्हणून निपाणीत कुणाच्याबी पाठीत उसण भरली, माणूस वाकडा झाला, की पहिला सांगावा मला. मी तेल लावून पाठ चोळायची, मग वर पाय द्यायचा, आन् माणूस ताठ हून घरला जायाचा. गुण हाताचा का पायाचा, द्येव जाणे. नाव मात्र पायाचं.

लढाईचं दिवस हुतं. माझा धाकटा भाऊ शामू वखारीत तंबाखूची बोदं, मणामणाची पोती, उचलायचा. एक दिवस थप्पीवरनं बोदासकट खाली आला. गड्यांनी उचलून आणला आन् सोप्यात पालथा घातला.

"उसण हाय," आई म्हणाली. "माले, पाय दे. उद्या कामावर उभा ऱ्हायला पायजे पोरगा."

मी तेलाचा हात पाठीवरनं खाली न्हेला आन् कमरंच्या वर थांबले. मणका एक आत गेलता. उसणीची पाठ लाकडागत कडक असती, हात लावला की माणूस बोंबलतो. ह्यो गप पडलेला. त्याच्या पायाचा अंगठा मी नखानं करकचून दाबला.

"शाम्या, कुठं दाबलं सांग."

"दाबलंस व्हय?" तो म्हणाला.

आई गं! पायाला कायबी कळत नव्हतं त्याच्या. मी पाय दिला तर सख्खा भाऊ माझ्याच पायाखाली जलमाचा लुळा हुईल. आन् हितं सगळी आळी दारात जमलेली.

"दे की गं! भाव खातीस व्हय?" शेजारची जयाबाई. हिच्या तोंडाला कवा कुलूप लागलंय?

"मी न्हाय द्यायची," मी म्हटलं.

आईनं माझा घोटा धरून वढला. "भावाला पाय देत न्हाईस? जळ्ळं तुझं पायाळूपण!"

मी तिथंच बसकण मारली, दोन्ही पाय लुगड्याखाली घेतलं. "कुणी त्याच्या पाठीला हात लावला तर बघा! दार काढा दार, दारावर घालून दवाखान्यात न्या!" रडत हुते, वरडत हुते. भ्यालेल्या बाईचा आवाज लई मोठा असतो, शेवटी गड्यांनी ऐकलं.

मणका मोडलाय म्हणून डाक्तरानं कमरंला पलस्तर घातलं. पाय दिला असता तर पोरगा कवाच उठला असता, ह्यो आईचा हेका; पाऊसकाळ सरंपतूर ती माझ्याशी बोलली न्हाय.

दिवाळीच्या तोंडाला शामूला उभा केला. मागनं कमरंला माझं दोन्ही हात.

"आक्का, सोड आता."

मला सोडवंना. पडला तर? त्या दिवसापक्षा आज जास्त भ्या वाटत हुतं, बोटंच उघडंनात. आई चुलीपासनं उठून आली आन् माझं एकेक बोट सोडवाय लागली. शामू डावीकडं झुकला. मग त्यानं पाय रवलं आन् ऱ्हायला उभा.

आईच्या डोळ्याला धार लागलेली. माझं हात तिनं तसंच धरून ठेवलं.

"पाय दे म्हटलं तवा दिला न्हाईस, हात सोड म्हटलं तर सोडत न्हाईस," ती म्हणाली. "आईचं कवाबी ऐकू नगंस, बाई."