दारावरचं हेल्मेट

“आई, आपल्याकडे बाळ येणार आहे का?”

हा प्रश्न माझा नव्हता, मेघाचा होता. तो विचारायची पैज आमच्या बाकावरच्या तिघींनी मिळून लावली होती. ऐरोलीच्या कंपनीतली चांगली नोकरी, थंडगार ऑफिस, दर वर्षी एक बॅग फुकट, आणि हे सगळं बाई चाळिशीला आल्यावर सोडते म्हणजे दुसरं काय असणार, असं मेघाचं म्हणणं. ‘तुझी विचारायची हिंमत नाही,’ हेही तिचंच. नववीत आल्यापासून, म्हणजे मी गॅदरिंगला निवेदन केल्यापासून, असं म्हणणारी ती एकटीच उरलीय.

आई कोथिंबीर निवडत होती. ती लाजली नाही की रागावली नाही.

“बाळ नाही, कंपनी येणारे,” ती म्हणाली.

“कुणाची?”

“माझी.”

“कुठे?”

तिने कोथिंबिरीच्या काडीने आतली खोली दाखवली. तिथे तांदळाची पिंपं आणि माझी लहानपणची सायकल होती.

पंधरा वर्षं ती दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होती. आता स्वतःच्या नावाने लिहिणार होती, स्वतः गिऱ्हाईक शोधून. वर कुणी साहेब नाही. पहिलं गिऱ्हाईक मिळालंही होतं. कळंबला योगेंद्रकाकांचं रिसॉर्ट आहे, आणि तिथे दर शनिवारी एकच खोली दोन कुटुंबांना फोनवरून कबूल केलेली असायची. मग पोहण्याच्या तलावाकाठी भांडणं. आईने त्यांना बुकिंगचा प्रोग्रॅम लिहून द्यायचा आणि तो नाताळच्या गर्दीत नीट चालायला हवा. चालला तर ती स्वतंत्र. नाही चालला तर जानेवारीत ऐरोलीला परत, कारण तिथल्या साहेबांनी तिची खुर्ची तोवर रिकामी ठेवली होती.

ती हरायला नको, असं मला फार वाटत होतं. एक तर वर्गात मी सांगून बसले होते की माझी आई मालक आहे. आणि ऐरोलीच्या दिवसांत ती जेवताना अर्धी झोपलेली असायची. आता ती जेवताना मला प्रश्न विचारायला लागली होती, आणि ते मला आवडतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पिंपं मागे सरकवून टेबल आलं. स्टेशनपर्यंत स्कूटरने जाताना ती घालायची ते जांभळं हेल्मेट दारामागच्या खिळ्याला अडकवलं गेलं आणि त्यावर धूळ बसायला लागली. कंपनी सुरू झाली.

पळसदरीत आमच्या आळीने याचा अर्थ असा लावला की हर्षला मोकळी झाली. पहिल्याच सकाळी शेजारच्या येसूआजी ताट घेऊन आल्या. ताटात मोड आलेले वाल.

“हर्षला, हायेस ना गं घरात? म्हटलं नोकरी सुटली पोरीची, एकटी बसून काय करील.”

“सुटली नाही आजी, सोडली.”

“तेच ते. घे, सोल.”

आणि आईने सोलले. नाही कसं म्हणायचं? येसूआजींनी तिला लग्नात ओवाळलंय. त्यांच्या मागून कुणी लाईटबिल भरायला आलं, कुणी सातबारा काढायला. ‘तू कॉम्प्युटरवरच असतेस ना, मग तुला काय, एक बटण’ हे तर मला पाठ झालं. एकीने मुलाच्या बारशाची पत्रिका करून घेतली आणि वर सांगितलं, “निवांत कर, घाई नाय. संध्याकाळी दे.”

पप्पा पूर्णपणे आईच्या बाजूने होते. ते रसायनीला केमिकलच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. ते सगळ्यांना छाती फुगवून सांगायचे, “हर्षलाने स्वतःचं काम काढलंय, घरीच.” आणि निघताना आईला सांगायचे, “आज गॅसवाला येईल. पाण्याच्या टाकीचं बघायला माणूस येईल. तू आहेसच.” मीही शाळेतून आल्यावर गरम पोहे मागायला लागले होते. ती होतीच ना.

योगेंद्रकाकांना व्हिडिओ कॉलवर प्रोग्रॅम दाखवायचा होता त्या दिवशी आई इस्त्रीची कुर्ती घालून बसली. खोल्यांचा तक्ता उघडला आणि मागच्या दारातून येसूआजी ताटासकट चित्रात आल्या. योगेंद्रकाकांनी खोल्यांपेक्षा वालाचीच जास्त चौकशी केली. “गावठी हायेत का, वहिनी?” शेवटी म्हणाले, “बाकी काय ते मी कमलेशदादांशी बोलतो.” कमलेशदादा म्हणजे माझे पप्पा. त्यांना ईमेल उघडायलाही मी लागते.

मग पप्पांना रात्रपाळी लागली.

आमच्या आळीतले निम्मे पुरुष पाळीत काम करतात, म्हणून इथे एक रीत आहे. रात्रपाळीवाला सकाळी आला की कारखान्याचं पिवळं हेल्मेट दाराच्या कडीला लटकवतो. हेल्मेट दिसलं की त्या घराची बेल कुणी वाजवत नाही. समोरची बाई मिक्सर लावत नाही, आणि येसूआजी भांडण आलं तर ते चार घरं पुढे नेऊन भांडतात. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. माणूस झोपलाय म्हणजे झोपलाय.

त्या आठवड्यात आईने इतकं काम केलं की ती जेवताना गुणगुणायला लागली. पुढच्या सोमवारी पप्पा पहिल्या पाळीला गेले, डोक्यावर हेल्मेट घालून, आणि उजाडता उजाडता दारात ताट.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुरुष झोपला की गाव गप्प बसतं आणि बाई कामाला बसली की गाव आत येऊन बसतं.

पप्पांचं एक जुनं हेल्मेट माळ्यावर होतं, पट्टा तुटलेलं. मंगळवारी पप्पा अंधारात निघून गेले आणि मी ते कडीला लटकवलं. आई बाहेर आली. तिने हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अपेक्षा, हे बरोबर नाही,” ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी पप्पा यायच्या आत ती ते काढून ठेवायची. म्हणजे बरोबर नव्हतंच, पण व्यवस्थित होतं.

नाताळ आला. कळंबचं रिसॉर्ट ओसंडून वाहिलं आणि एकही खोली दोघांना दिली गेली नाही. योगेंद्रकाकांनी तलावाचा फोटो पाठवला. त्यात लोक नुसते पोहत होते, भांडत कुणीच नव्हतं. आईने तो मोठा करून बघितला. मी वर्गात जाहीर केलं की आमची कंपनी यशस्वी झाली आहे. मेघाने विचारलं, “आणि बाळ?” मी म्हटलं, “हेच.”

पण हेल्मेट लटकतच होतं, आणि आळी आंधळी नव्हती. येसूआजींनी मला नळावर गाठलं.

“बाय, बाप बरा हाय ना तुझा?”

“हो आजी. का?”

“नाय, झोपूनच असतो ना. इतके दिवस रात्रपाळी कंची कंपनी देते?”

खरं सांगितलं असतं तर उद्या ताट दारात. मी म्हटलं, “थोडं झोपतात.”

येसूआजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझा हंडा त्यांच्या आधी भरू दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून वाल येत राहिले, पण सोललेले. येसूआजी ते पायरीवर ठेवून, बेल न वाजवता जायच्या. लाईटबिलवाले थांबले. सातबारावाल्याला आजींनी आमच्या फाटकातून परत पाठवलं, ते मी स्वतः ऐकलं. “काम करू दे तिला. सगळं घर आता तिच्यावर हाय.” आईला वाटलं, अखेर लोकांना तिचं काम समजलं. ती इतकी खुशीत होती की मी काही बोलले नाही.

रविवारी पप्पा टपरीवर गेले आणि चहा न पिताच परत आले. आम्ही स्वयंपाकघरात होतो.

“हर्षला, सदू मला काय म्हणाला माहितीये?” सदूकाका इथल्या फार्महाऊसवर देखरेख करतात. “म्हणाला, ‘कमलेश, मनाला लावून घेऊ नको. रसायनीचं सुटलं तर सुटलं. आमच्या शेजारच्या बंगल्यावर वॉचमन पाहिजे. बायको खंबीर हाय तुझी, होईल सगळं नीट.’”

“काय सुटलं?” आईने विचारलं.

“माझी नोकरी. सगळ्या पळसदरीला माहितीये, मलाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, अरे रोज जातोय मी. तर म्हणे, ‘हां, संध्याकाळी बाईकवर फिरून येतोस, बरं हाय, मन रमतं.’”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी माळ्याकडे पाहिलं. पप्पांनीही मग माळ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं सांगावं लागलं.

ते ओरडले नाहीत. खुर्चीवर बसून म्हणाले, “म्हणजे मी कामावर असतो तेव्हा घरी झोपलेला असतो.”

तेवढ्यात योगेंद्रकाकांचा फोन आला. आईचे हात पिठाचे होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

“वहिनी, दादांचं कळलं. वाईट वाटलं. माझ्या मेहुण्याचंही रिसॉर्ट हाय, त्याला सांगितलं, प्रोग्रॅम वहिनींकडूनच घे. अशा वेळी आपल्या माणसाला काम द्यायला पाहिजे.”

आई पिठाचे हात तसेच धरून उभी होती. “योगेंद्रभाऊ, यांची नोकरी आहे. कुठेही गेलेली नाही. आत्ता समोर बसलेत.”



“मग तुमी कशाला एवढं करता, वहिनी?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं. “बरं, मी मेहुण्याशी बोलून सांगतो. त्याच्या ओळखीचा एक मुलगा हाय, तो पण करतो म्हणे.”

फोन ठेवला गेला. तव्यावरची भाकरी करपली होती आणि कुणीच ती उलटत नव्हतं.

“तुझा प्रोग्रॅम चांगला चालतोय ना त्याच्याकडे?” पप्पांनी विचारलं.

“चालतोय. त्याचं काय,” आई म्हणाली. “मेहुण्याचं काम मिळालं तेही तुमची नोकरी गेली म्हणून, आणि हातचं जातंय तेही तुमची नोकरी गेली नाही म्हणून. माझं यात काय आहे? उद्या ऐरोलीला हो कळवते. तिथे निदान दार लावलं की कुणी वाल घेऊन येत नाही.”

“मग काय, मी नोकरी सोडू का?” पप्पा म्हणाले.

चेष्टा वाटली म्हणून मी हसले. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसायचं थांबले.

आई ओट्याकडे वळली. करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात ठेवली. ऐरोलीच्या दिवसांतही ती असंच करायची, अगदी हेच. मला ते अजिबात आवडलं नाही. मी उठले, दारामागच्या खिळ्याचं जांभळं हेल्मेट काढलं, ओढणीने पुसलं आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं.

“माझं ठरलंय,” मी म्हणाले. गॅदरिंगला काढला होता तोच आवाज आपोआप निघाला. “उद्यापासून पप्पांचं हेल्मेट पप्पांच्या डोक्यावर, आणि दारावर आईचं. येसूआजींकडे सकाळी मी जाणार. पप्पांची नोकरी आहे, हेल्मेट मी लावत होते, सगळं सांगणार.”

“त्या रुसतील,” आई म्हणाली.

“रुसू दे.”

“आणि वाल?”

“पप्पा सोलतील. पाळी संपल्यावर.”

पप्पांनी आईचं हेल्मेट हातात घेऊन त्याचा पट्टा ओढून पाहिला. त्यांना सवयच आहे. “धड आहे,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “आणि जांभळं हेल्मेट कुणाला कळणार? दारात येऊन कुणी विचारलंच, आई कुठे आहे, तर काय सांगशील?”

“सांगीन, आई कामावर गेलीय. आतल्या खोलीत. सुटली की भेटेल.”