गार्डाचा डबा

आमच्या ह्यांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, आणि घरात व्हिस्कीच्या बाटल्यांची आरास! सांगून कुणाला पटणार? आमच्या फ्रीगंज मोहल्लाभर बोभाटा होता, की श्रीधरराव रेल्वेतून रिटायर झाले आणि शौकीन झाले.

बाटल्या चिनी मातीच्या, जुन्या, अमेरिकेतल्या, आगगाडीच्या आकाराच्या. इंजिनाचं धुराडं उपटलं की तेच बूच. इथली मिल बंद पडली तेव्हा एका साहेबाचं सामान कबाड्याकडे आलं, त्यात ते इंजिन ह्यांना सापडलं. झालं, वेडच लागलं. अमेरिकेतल्या भाच्याकडून, श्रीकांतकडून, मग एकेक करून दोन डबे मागवले. तो बिचारा तिथल्या जुन्या बाजारात हिंडून शोधायचा, रिकामे करून, धुऊन आणायचा.

"लोक अमेरिकेहून मिक्सर मागवतात," मी कावायची, "आणि तुम्ही खामखा त्या पोराला बाटल्यांमागे पळवता!"

"अगं, आता गार्डाचा डबा तेवढा राहिलाय."

तेहतीस वर्षं हे स्वतः गार्ड. गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी. त्याच्या मागे लाल दिवा दिसला, की स्टेशनमास्तर मानतो गाडी पूर्ण आली. नाही दिसला, तर मागचे डबे कुठे तरी सुटून राहिलेत. हे मला लग्नापासून शंभरदा ऐकवलेलं. "ही माझी गाडी अर्धीच उभी आहे," म्हणायचे आणि कपाटाची काच पुसत बसायचे.

शहाण्णवच्या डिसेंबरात ह्यांच्या हृदयाने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. बोलायला दम पुरेना, तरी रोज विचारणार, "श्रीकांतचा काही निरोप?" शेवटी मी टावर चौकातल्या एसटीडी बूथवर जाऊन त्याला फोन केला. म्हटलं, "मिळेल तिथून गार्डाचा डबा आण रे बाबा. वेळ नाही."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी पोरगा स्वतःच दारात. हे आत झोपलेले. खोकं माझ्या हातात देऊन म्हणाला, "मामी, रिकामा करायला वेळच मिळाला नाही. इंदूरला आईला भेटून संध्याकाळी येतो."

बाटली काठोकाठ भरलेली. ह्यांच्या खोलीला लागून देवघर. तिथे ही दारू कशी न्यायची? मोरीत ओतली. चिंच लावली, राख लावली, वास काही जाईना. मग लोणच्याच्या बरणीला करते तेच केलं. चाळीस वर्षं मी बरण्या उकळत्या पाण्याने धुतल्यात, कधी तडा गेला नाही. पातेलं उचललं आणि ओतलं.

कडाक्याची थंडी, बाटली बर्फासारखी. काडकन् आवाज झाला आणि मोरीत नुसत्या खापऱ्या.

मेरी तो मति मारी गई थी, दुसरं काय! एक घटकाभर थांबले असते, कोमट पाणी घेतलं असतं. घाबरून तुकडे पेपरात गुंडाळले आणि कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आले. संध्याकाळी श्रीकांतला दारातच ताकीद दिली, मामांपुढे तोंड उघडायचं नाही.

ह्यांना म्हटलं, "श्रीकांत आलाय. पण डबा मिळाला नाही हो."

माझ्याकडे बघून म्हणाले, "असू दे. खूप शोधला असेल त्याने."

त्यानंतर एकदाही विषय काढला नाही. मला त्याचाच राग येई. अहो, चिडा ना, भाच्याला नावं ठेवा!

सहाव्या दिवशी सकाळी चमच्याने चहा पाजत होते. हळूच म्हणाले, "अनसूया, मागे लाल दिवा होता का गं?"

"कशाच्या मागे?"

"मोरीत फुटला, त्याच्या."

जागे होते हे! श्रीकांतचं बोलणं, मोरीतला आवाज, सगळं ऐकलं होतं, आणि सहा दिवस माझं खोटं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. मला रडूसुद्धा फुटेना.

"होता," मी म्हटलं.

"लाल?"

"लालभडक."

"मग गाडी पूर्ण आली," म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले. दुपारी गेले.

मी बघितलंच नव्हतं हो! वासाच्या धसक्याने मी तो डबा नीट बघितलासुद्धा नव्हता. दहाव्याला राम घाटावर श्रीकांतला बाजूला घेतलं. "खरं सांग, मागे दिवा होता का रे?"

तो म्हणाला, "मामी, दुकानदाराने कागदात बांधून दिला, तसाच आणला. बूच पक्कं आहे, एवढंच बघितलं मी."

मी पायरीवर बसकण मारली आणि मोठ्याने रडले. भटजी म्हणाले, रडू द्या त्यांना, नवऱ्यासाठी रडतायत. त्यांच्यासाठीच रडत होते. तेहतीस वर्षं दिवा स्वतः बघितल्याशिवाय ज्यांनी गाडी सोडली नाही, ते माझ्या शब्दावर निघून गेले.