ओठ नरसिंगचे, आवाज रामदासचा

काळाचौकीत रामदास परबाला न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि ओळखणाऱ्या प्रत्येकाला नरसिंगची गोष्ट निदान चारदा ऐकावी लागलेली. तिकडे तेलुगू सिनेमात आधी व्हिलनचा भाऊ, मग व्हिलन, मग हिरो आणि आता बडा निर्माता झालेला नरसिंग येमूल मूळचा घोडपदेवच्या चाळीतला, तेलुगू विणकराचा मुलगा. "त्याला पहिला आवाज मी दिला," असं रामदास सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि थाप म्हणून सोडून द्यायचे.

थाप नव्हती बरं ती. पंचेचाळीस वर्षांमागे दोघांच्या मंडळात गणपतीला जिवंत देखावा असायचा. संवाद आधीच टेप करून ठेवायचे आणि पोरं स्टेजवर नुसते ओठ हलवायची, कारण दिवसाला तीस खेळ करायचे तर घसा कुणाचा टिकणार? त्या वर्षी दारूपायी संसार उधळलेल्या गिरणी कामगाराचा देखावा होता. उंचापुरा, बोलक्या डोळ्यांचा नरसिंग कामगार झाला आणि टेपवर आवाज रामदासचा. काय जमलं होतं म्हणून सांगू! रांग पार लालबागपर्यंत. बायका डोळ्यांना पदर लावत बाहेर पडायच्या. नरसिंगच्या मद्रासच्या मामाने तो देखावा पाहिला आणि भाच्याला सोबतच घेऊन गेला. रामदास गिरणीत राहिला, गिरणी बंद पडल्यावर एका ऑफिसात शिपाई झाला आणि तिथूनच रिटायर झाला.

आणि गेल्या महिन्यात नरसिंग स्वतः दारात उभा. बसला, चहा घेतला, पण बोलला सगळं हिंदीत. मराठी सिनेमा काढलाय, आपल्या चाळीचा. म्हाताऱ्या बापाचं काम मीच केलंय. "रामू, आवाज तेरा चाहिए. परदे पे नाम भी आएगा."

रामदासला पुढचं काही ऐकूच आलं नाही. जन्मभर लोकांनी ज्याला थाप म्हटलं, ते आता मोठ्या पडद्यावर नावासकट दिसणार होतं. बकुळाने, म्हणजे त्याच्या बायकोने, अख्ख्या चाळीला बातमी दिली आणि नवऱ्याला आठ दिवस ज्येष्ठमध चघळायला लावला. "घसो सांभाळा हां," दर तासाला तिचं एकच पालुपद.

दादरच्या स्टुडिओत नरसिंगने स्वतः रामदासच्या कानांवर हेडफोन चढवला आणि शेजारीच बसला. आधी शूटिंगच्या वेळचा आवाज ऐकायचा आणि मग त्यावर आपला द्यायचा, अशी तिथली रीत. पडद्यावर म्हातारा नरसिंग चाळीच्या गॅलरीत बसला होता. गिरणीच्या पाळीवरून मुलगा आला. बापाने मान वर केली. "जेवलास काऽय रे?"

तो हेल. शेवटी लांबवलेला, खालून वर उचललेला. बोलत होता नरसिंगच, पण हा तर येल्लप्पाकाकांचा आवाज, नरसिंगच्या बापाचा. रामदास त्यांच्या खोलीत डोकावला की काका असंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता ताटात भात वाढायचे. असा भात पुन्हा कुणी वाढला नाही.

"घ्यायचा का टेक?" काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारलं. रामदासने हात वर करून त्याला थांबवलं.

नरसिंगची गोष्ट सांगताना एक भाग तो नेहमी गाळायचा. देखाव्याच्या मीटिंगमध्ये नरसिंग म्हणाला होता, माझे संवाद मीच बोलतो. तेव्हा रामदासने उठून त्याच्या तेलुगू हेलातल्या मराठीची अशी हुबेहूब नक्कल केली की सगळी पोरं पोट धरून हसली. नरसिंगही हसला. त्यानंतर चारचौघांत त्याने मराठी म्हणून तोंडातून काढली नाही.

रामदासने हेडफोन उतरवला. "माझा आवाज नको. तुझाच राहू दे."

"पागल है क्या? लोग हसेंगे रे."

"तेव्हा कोण हसलं? पहिला मी. बाकीचे माझ्यामुळे हसले. नरशा, तुझा आवाज मी खाल्ला." त्याने पडद्याकडे बोट केलं. "तिथे तुझे बाबा बोलतायत. त्यांच्यावर मी कुठल्या तोंडाने बोलू?"

"और तेरा नाम?"

"नको देऊस."

नरसिंग खुर्ची ओढून त्याच्या समोर येऊन बसला. मग मराठीत, त्याच हेलात म्हणाला, "मी कधी विसरलोच नाही रे. शूटिंगला बोलताना पण वाटत होतं, रामू ऐकेल आणि हसेल."

रामदासने चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.