सशाला मुदतवाढ

"चार," बँकेतली मुलगी म्हणाली.

"तीन," ऊलझान म्हणाली. "विमान, नाणं, उंट. संपलं."

"आपा, चार आहेत. ससापण आहे."

पगार होईपर्यंत पैसे देणाऱ्या या कंपन्यांची खरी नावं लांबलचक होती. पावलोदार शहरात कुणाला ती ठाऊक नव्हती. जाहिरातीत जे चित्र, तेच नाव.

"ससा पळाला," ऊलझान म्हणाली. "पाच महिन्यांत एक फोन नाही त्याचा. मला वाटलं सोडून दिलं. ससाच तो, पळायचाच."

"कुठला पळतोय? पाच वेळा मुदत वाढवून घेतलीय तुम्ही. दर महिन्याला, वेळेवर. तुमच्या चारही कर्जांत याच्याच नोंदी स्वच्छ आहेत."

"मी नाही वाढवली."

"मग कुणी वाढवली?"

मुलगी वाईट नव्हती. तिने पुन्हा सगळं समजावलं. बँक चारही कर्जं फेडून एकच मोठं कर्ज द्यायला तयार होती. तीन वर्षं, एक तारीख, एक हप्ता, आणि व्याज माणसाला झेपेल असं. अट एवढीच, की चौघांकडूनही खात्यावर नक्की किती बाकी आहे त्याचं पत्र हवं, किंवा खातं आधीच बंद झालेलं हवं. मंजुरी शुक्रवारपर्यंत. तोवर झालं नाही तर पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, आणि शनिवारी तर ऊलझानच्या लेकीच्या घरी

फोन. विमान.

"हो. हो, माहीत आहे. बँकेतच बसलेय. अहो, तुमचेच पैसे द्यायला बसलेय. नाही, आज नाही. कारण तुम्ही सारखे फोन करता म्हणून माझं काम होत नाही. ठेवा."

शनिवारी नातवाला पाळण्यात घालायचं होतं. पाळणा मुलीच्या माहेराकडून जायचा, म्हणजे ऊलझानकडून, आणि पाळण्याबरोबर विहिणीचा आहेर. पाळणा घेऊन झाला होता. आहेरही घेऊन झाला होता. आता एकच हवं होतं: शनिवारी त्या घरात, चाळीस बायकांसमोर, तिच्या कर्जाचा शब्द निघू नये. तिची मुलगी साल्तानात त्या घरात सून होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. कर्जबुडवीची मुलगी हे नाव एकदा चिकटलं की ते नातवंडांच्या लग्नापर्यंत जात नाही.

कर्जसुद्धा या मानपानापायीच झालं होतं. लग्नात नवऱ्यामुलाकडच्या अकरा जणांना कोट चढवायचे होते. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, ट्राम डेपोचा पगार एकटीचा. तेव्हा सशाकडून घेतले, पगार होईपर्यंत म्हणून. सशाचं व्याज द्यायला विमानाकडून घेतले. विमानाचे द्यायला नाण्याकडून, आणि नाण्याचे

फोन. नाणं.

तिने उचलला नाही. तर असं.

*

तीन नंबरची ट्राम चालवताना फोन उचलायची मनाई आहे. ही एक मनाई ऊलझानला मनापासून आवडायची. पिशवीत तो थरथरायचा, ती रुळांकडे बघायची. बाहेर बर्फ, खिडक्यांवर बर्फ, चढणाऱ्यांच्या पापण्यांवर बर्फ.

शेवटच्या वळणावर गाडी रिकामी झाली की पाय मोकळे करायला थोडा वेळ मिळतो. तिथे उभं राहून तिने सशाला फोन लावला. पूर्वी हाच ससा सकाळी दातांना ब्रश लावलेला असताना तिला शोधून काढायचा. आता तिने शोधलं तर संगीत. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. संगीत. एक दाबा. दोन दाबा. कर्ज हवं असेल तर तीन दाबा. तिने तीन दाबलं. लगेच माणूस आला.

"नमस्कार! मी रुस्लान. किती हवेत?"

"मला नको. मला माझं खातं बंद करायचंय. पत्र द्या."

रुस्लानचा आवाज जरा बसला. "नंबर सांगा... हं. आपण तर आमच्या उत्तम ग्राहक आहात. बंद कशाला करता?"

"पत्र द्या."

"अर्ज करा. पाच कामाचे दिवस लागतात."

"मला शुक्रवारी हवंय. परवा."

"पाच कामाचे दिवस."

"बरं, मला एवढं सांग, बाळा. माझी मुदतवाढ भरतंय कोण?"

"ती माहिती गोपनीय आहे. ग्राहकाशिवाय कुणाला देत नाही."

"ग्राहक मीच आहे ना?"

"आपण ग्राहक आहात. पण भरणारी व्यक्ती आपण नाही."

"म्हणजे कोणीतरी दुसरं आहे."

आपण काहीतरी बोलून गेलो हे रुस्लानच्या लक्षात आलं असावं. मग सांभाळून म्हणाला, "अर्ज भरताना आपण एक विश्वासू व्यक्ती दिली होती. वेळ आली तर आम्ही त्यांच्याशी बोलतो. एवढंच."

मागे लोक चढायला लागले होते. कुणीतरी काचेवर टकटक केली. ऊलझानने गाडी सुरू केली. बाजार येईपर्यंतचा एकही थांबा तिला नंतर आठवला नाही, पण ती सगळ्या थांब्यांवर थांबली असणार, कारण कुणी ओरडलं नाही.

विश्वासू व्यक्ती. घरात न राहणारी, चांगली ओळख असलेली. अर्ज भरला तेव्हा लग्न दोन आठवड्यांवर होतं, आणि फोनमध्ये सगळ्यात वर, सगळ्यात भारदस्त नाव एकच होतं. तिने विचारही केला नव्हता. अभिमानानेच लिहिलं होतं.

कामशात. विहीणबाई.

*

कामशातचं पडद्यांचं दुकान बाजाराच्या आतल्या गल्लीत. ती शिडीवर चढून मखमलीचं ठाण काढत होती. ऊलझानला बघून तिने वरूनच सांगितलं, "पाळण्याचं काही राहिलं का? शनिवार डोक्यावर आलाय आणि तुम्ही ट्राम सोडून इकडे?"

"ड्यूटी संपली माझी. खाली या."

"का हो?"

"ससा."

कामशात ठाण हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग एक एक पायरी खाली उतरली, ठाण फळीवर ठेवलं आणि शेजारच्या दुकानदारणीला म्हणाली, "जरा गिऱ्हाईक बघ गं. विहीणबाईंना चहा पाजते."

मागच्या पडद्याआड दोन स्टुलं होती. चहा कुणीच ओतला नाही.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" ऊलझानने विचारलं.

"पहिला फोन आला तेव्हा मी एका बाईची खिडकी मोजत होते. पोरगा म्हणाला, तुमच्या विहीणबाईंचं थोडं राहिलंय. मी म्हटलं, मग त्यांना विचार. तर म्हणाला, नाहीतर आम्ही त्यांच्या मुलीच्या ऑफिसात फोन करू. साल्तानात तेव्हा सहा महिन्यांची पोटुशी. ओकतीय, रडतीय, एवढंसं तोंड झालेलं. मी विचारलं, किती? म्हणाला, एवढे भरा, मिटलं. भरले."

"मिटलं नाही. ती मुदतवाढ होती. मुद्दलाला एक तेंगेसुद्धा लागत नाही त्यातला. पुढच्या महिन्यात ससा होता तेवढाच."

"ते मला पुढच्या महिन्यात कळलं."

"आणि तरी भरलेत? पाच वेळा?"

"मग काय करू? मी पडदे विकते, विहीणबाई, बँक चालवत नाही. तो म्हणाला भरा, मी भरले. दर वेळी वाटायचं, ही शेवटची."

"मला सांगायचं होतंत."

"काय सांगायचं होतं? तुम्ही घरी जेवायला येणार, मी तुमच्यापुढे मेंढीचं मुंडकं मानाने ठेवणार, आणि म्हणणार, पहिला कान तुम्ही कापा, आणि हो, त्या सशाचं काय झालं?"

ऊलझानला हसू आलं आणि त्याचाच राग आला. तिच्या पाचही भेटी तिला एकदम आठवल्या. मानाची जागा. पाठीशी जास्तीची उशी. प्रत्येक वेळी ही बाई सगळं जाणून समोर बसली होती.

"तुम्ही भरत राहिलात म्हणून तो जगला," ती म्हणाली. "त्याने मला फोन केला असता तर मी कसंतरी करून त्याला पहिल्या महिन्यात संपवलं असतं."

"चौथ्याकडून घेऊन?"

उंट नेमका त्याच सुमारास आला होता, नाण्याचे द्यायला.

कामशातने फोन काढला. "थांबा. मी लावते. माझा उचलतात."

दुसऱ्या घंटीला उचलला. संगीत नाही, काही नाही.

"कोण, रुस्लान? मी कामशात. ऐक. माझ्याकडून आता काही मिळणार नाही. बंदचं पत्र उद्या हवंय... पाच दिवस? अरे, पैसे मागताना तुझे पाच दिवस कुठे जातात? मी शौचाला बसलेली असताना फोन केलास तू... बरं. बरं. किती?" तिने हाताने फोन झाकला. "म्हणतो, सगळे एकदम आजच भरले तर पत्राचं कामच नाही. खातं आपोआप बंद, बँकेला सकाळी दिसेल. सत्तर हजार."

ऊलझान स्टुलावर बसून राहिली. सत्तर हजार तिच्याजवळ होते. एका पिशवीत, घरी कपाटात, पावतीसकट. गेला पगार आणि ट्राम डेपोतल्या मैत्रिणींची भिशी मिळून ते झाले होते.

"पैसे आहेत," ती म्हणाली. "पण ते आता कोट झालेत."

"कसला कोट?"

"तुमचा. आहेराचा. दुकानदार परत घेईल, अजून आठवडा झाला नाही."

पलीकडे रुस्लान हॅलो हॅलो करत होता. शनिवारी कामशातची मोठी नणंद येणार होती, जावा येणार होत्या. पाळणा आला आणि विहिणीच्या खांद्यावर काही चढलं नाही, ही गोष्ट गावभर नेऊन विकणाऱ्या बायका होत्या त्या.

"रंग कोणता?" कामशातने विचारलं.

"गडद निळा."

"लांब?"

"गुडघ्याच्या खाली. कॉलरला फर."

"कसली?"

"खरी. पण लहानशी."

कामशातने एक श्वास सोडला. "करा परत," ती म्हणाली, आणि फोनमध्ये म्हणाली, "संध्याकाळी भरतोय. खातं बंद झालं नाही तर तुझ्या घरी येऊन पडदे लावीन."

"तुमचे पाच महिन्यांचे पैसे मी दर पगाराला थोडे थोडे आणून देईन," ऊलझान उठताना म्हणाली.

"राहू द्या."

"राहू देणार नाही."

"मग द्या. पण एक दिवस उशीर झाला तर मीपण फोन करीन हं. दातांना ब्रश लावलेला असताना."

*

शुक्रवारी बँकेतल्या मुलीने कॉम्प्युटरचा पडदा वळवून दाखवला. ससा नव्हता. विमानाने पत्र दिलं होतं आणि त्याच पाकिटात नवं कर्ज घ्यायचं आमंत्रण. नाण्याने पत्रात तिचं नाव चुकवलं, ते दुरुस्त करून घ्यायला दुपार गेली. उंटाचं सगळ्यात शेवटी आलं. ऊलझानने सह्या केल्या. कर्ज संपलं नव्हतं. त्याला आता एकच तोंड होतं, एवढंच, आणि ते तोंड महिन्यातून एकदाच उघडणार होतं.

*

शनिवारी, बाळाच्या शीसाठी पाळण्याच्या तळाला ठेवलेल्या भोकातून मिठाई टाकत कामशातची नणंद रीसकुल विचारत होती, "केली का शी?" आणि बायका खालून हात पसरून ओरडत होत्या, "केली, केली!" गोळ्या, सुकी जर्दाळू, सगळं वाटून झालं. मग बाळाला आत ठेवून पट्टे बांधले. मग पांघरुणं. पाळण्यावर सात घालायची असतात.

रजई झाली. झगा झाला. लगाम ठेवला, म्हणजे पोरगा घोड्यावर बसेल. एकेक करत सहा झाली.

"आता आजोळचा कोट," रीसकुल म्हणाली.

आहेराचा निळा कोटच आधी पाळण्यावर घालायचा, मग विहिणीला, असा ऊलझानचा बेत होता. सगळ्यांना ऊलझानची पिशवी दिसत होती, आणि ती रिकामी होती.

"आहेराचाही काही पत्ता दिसत नाही म्हणा," रीसकुल छताकडे बघत म्हणाली.

साल्तानातची मान खाली गेली. ऊलझान उठली, दाराजवळच्या खुंटीकडे गेली आणि आपला कोट घेऊन आली. डेपोचा, कापूस भरलेला, नारिंगी, पाठीवर चकाकते पट्टे, एका बाहीला वंगणाचा डाग. तिने तो पाळण्यावर पसरला, डाग आत जाईल असा.

"हा कसला?" रीसकुलने विचारलं.

"ट्रामचा, वन्सं," कामशात म्हणाली. "रोज अर्धं गाव इकडून तिकडे नेतो हा. माझ्या पोराच्या पाळण्यावर आजोळाहून कोल्ह्याचं कातडं आलं होतं, आठवतंय? त्याने कुणाला कुठे नेलं?"

एक म्हातारी खुदकन हसली. मग आणखी एक. रीसकुलने कोटाची कॉलर उचलून पाहिली, अस्तर चाचपलं. "गरम आहे," ती म्हणाली, आणि तो डोक्याच्या बाजूने नीट ओढून घेतला.

जेवणं झाली, चहा झाला, बायका पांगल्या. दुपारची पाळी सुरू व्हायची वेळ झाली. एकदा घातलेली पांघरुणं मूल उठेपर्यंत काढत नाहीत, आणि मूल काही उठत नव्हतं. बाहेर उणे सत्तावीस होतं. डेपोच्या कोटाशिवाय गाडीवर चढू देत नाहीत.

"माझा घालून जा," कामशात म्हणाली.

"नाही चालत."

मग दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना बसल्या. ऊलझानने फोन काढून डेपोला लावला.

"उशीर होईल मला."

"किती?" वेळापत्रकवाली वैतागून म्हणाली. "आणि कारण काय लिहू?"

ऊलझानने आवाज आणखी खाली आणला.

"लिही, कोट बाळावर आहे."